गुलाबबाईंचं कार्ड

४ मार्च २०२५, जळगाव

कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टर आग्नेस आम्हा मुलींना रोज संध्याकाळी पाच ओळी लिहायला लावायच्या. आज काय चुकलं, काय बरोबर झालं. लग्न झालं, नोकरी लागली आणि ती सवय सुटली. आता त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा वही घेतली आहे. हे गेल्याला पाच वर्षं झाली. संध्याकाळी बोलायला घरात कोणी नसतं, हे खरं कारण.

सरकारी दवाखान्याच्या औषध विभागातून निवृत्त झाल्यावर मी घरी बसणार होते. रतनलालजींनी बसू दिलं नाही. त्यांच्या मेडिकल दुकानाला फार्मासिस्ट हवा होता. महिना झाला, रोज मेहरूणहून रिक्षाने जुन्या गावात जाते.

आज झुलालभाऊ आले. तलावाकाठी रसवंती चालवतात, मूळचे पारोळ्याकडचे. रक्तदाबाची चिठ्ठी दोन वर्षं जुनी, घड्यांवर फाटलेली. म्हटलं, "भाऊ, तीस गोळ्या चार महिने कशा पुरल्या?"

"डोकं फिरनं का घी लेस एक गोयी. रोज रोज काबर खावानी, ताई? तब्येत चांगली शे ना मनी."

"आणि डोकं नाही फिरलं तर?"

"मंग गोयी वाचनी!"

दुकानातले सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी पैसे द्यायला डावा हात खिशात घातला आणि नोट बोटांतून निसटली. दोनदा निसटली. "तीन महिना व्हयनात," ते म्हणाले, "दोन बोटं ऐकतंच नहीत मनं." कोणाला सांगितलं होतं का? नाही. दुखत नाही तर काय सांगायचं!

पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला असावा. घरी येईपर्यंत ती दोन बोटं डोळ्यांसमोर होती.

११ मार्च

पहिल्या नोकरीत आम्ही मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची पट्टी कातरून चिकटवायचो. एक खाच म्हणजे एक डोस. बाटली पुन्हा भरायला आली की पट्टीकडे बघूनच कळायचं, माणूस औषध घेतोय की कपाटात ठेवतोय. आता चकचकीत पाकिटं आली. माणूस पाकीट घेऊन जातो, पुढचं आपल्याला काही दिसत नाही.

म्हणून कार्ड केलं. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर महिन्याच्या चौकटी. गोळी घेतली की चौकटीत बरोबरची खूण करायची. पूर्ण आठवडा भरला की मी सोनेरी चांदणी चिकटवणार, शाळेत हजेरीच्या तक्त्यावर सिस्टर चिकटवायच्या तशी. वर लाल शाईने मोठ्या अक्षरात "रोज, न चुकता". आणखी बरंच लिहिता आलं असतं. पण जास्त मजकूर असला की कोणी काहीच वाचत नाही, एवढं तीस वर्षांत शिकले आहे.

रतनलालजींचा मुलगा मनन कॉम्प्युटरवर बसतो. म्हणाला, "मावशी, मोबाइलमध्ये आठवण करून देणारं ॲप असतं."

"ते चांदणी देतं का?"

रतनलालजी गल्ल्यावरून हसले. "मनन, हरलास. मॅडम, पुठ्ठा माझ्याकडून."

२७ मार्च

दुकानाच्या वरच त्यांचं घर. रतनलालजींच्या थोरल्या बहीण गुलाबबाई तिथे राहतात. घरात, दुकानात, गल्लीत सगळे त्यांना जीजी म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन राजस्थानातल्या पालीजवळच्या सासरहून माहेरी आल्या, त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली. शाळेचा उंबरठा पाहिला नाही. अक्षरं जैन उपाश्रयात साध्वीजींनी शिकवली, तीही चाळिशीत.

दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मी वर जाते. त्या मला मेथीचे खाखरे देतात आणि माझ्या शाळेच्या गोष्टी ऐकतात. प्रार्थना कशी असायची, बूट कोण पुसायचं, उशीर झाला तर काय शिक्षा. एकच गोष्ट पाचव्यांदा सांगितली तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करतात.

आज त्यांचा रिपोर्ट पाहिला. तीन महिन्यांची सरासरी साखर दहाच्या वर. ड्रॉवर उघडला तर सात पाकिटं, जशीच्या तशी.

"जीजी, हे काय?"

"खाते ना. कधी कधी."

"कधी कधी म्हणजे?"

"रतन समोर असला की."

मला रागावता आलं नाही. त्यांना कार्ड दिलं. त्यांनी ते देवाच्या फोटोमागे ठेवलं.

२ एप्रिल

कार्ड कोरं. पाच दिवसांत एक खूण.

बोलता बोलता त्या म्हणाल्या की अठ्ठावन्न वर्षांत सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही घेतलेला नाही. तापात नाही, भावजय गेली त्या दिवशीही नाही. नियम म्हणजे नियम. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"जीजी, मग गोळीचाही नियम घ्या."

 मी थट्टा करते आहे का, हे त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ताडलं. मग पदर सारखा केला, हात जोडले, डोळे मिटले. "एक वर्ष. रोज सकाळी गोळी घेईन. तू साक्षीला."

अर्ध्या मिनिटाचं काम. दवाखान्याच्या खिडकीतून मी तीस वर्षं ओरडत होते: वेळेवर घ्या, वेळेवर घ्या. माणसाच्या आत आधीच जे पक्कं बांधलेलं असतं त्याला गोळी बांधून द्यायची, हे मला कधी सुचलं नाही.

२१ मे

सात चांदण्या. जीजींनी आज कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं. खुणा इतक्या नेटक्या, जणू छापल्या आहेत. सातवी चांदणी चिकटवताना म्हणाल्या, "माझ्या जन्मात मला कोणी शाबासकी दिली नव्हती गं." मी कपाटाकडे तोंड करून उगाच बाटल्या सारख्या केल्या.

नवा रिपोर्ट: साडेसहाच्याही खाली. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी उतरवायला नको, महिन्याने या, साखरेची गोळी, ग्लिमेपिराइड, निम्मी करू. ही वही खोटं लिहायला नाही म्हणून लिहिते: मला ते फारसं रुचलं नाही. गोळी बदलली की कार्ड बदलेल, ओळ मोडेल, असा पोरकट विचार मनात आला.

१५ जुलै

चातुर्मास बसला. साध्वीजी आल्या आहेत, जीजी सकाळपासून उपाश्रयात. डॉक्टरांकडे जायचं दोनदा ठरलं आणि राहिलं. प्रवचन चुकवायला त्या तयार नाहीत.

पण आमच्या कार्डांचा प्रसार झाला आहे! जीजींनी उपाश्रयातल्या, साखर असलेल्या अकरा जणींना दुकानात आणलं. सगळ्यांनी गोळीचा नियम घेतला. त्यांतल्या चंदनबाईंची जीभ तिखट. "साध्वीजी सोडायचे नियम देतात, तू धरायचे देतेस. दीक्षा कधी घेतेस? केस मी उपटते तुझे."

झुलालभाऊंच्याही पाच चांदण्या झाल्या. "नातू इचारस, आबा, तुम्ही कोणता वर्गात शेत?"

मी सुखी आहे. असं लिहायला भीती वाटते, तरी लिहिते.

११ ऑगस्ट

जीजी स्वतः खाली दुकानात आल्या. गोळी तळहातावर घेऊन विचारलं, "उषाबाई, ही गोड आहे का? वर साखरेचा लेप असतो का?"

मला कळलं. कॅप्सूलचं आवरण प्राण्याच्या हाडांपासून करतात, हे कोणीतरी प्रवचनात सांगितलं असणार. गेल्या आठवड्यात दोघी-तिघींनी विचारलं होतं. म्हटलं, "जीजी, ही कॅप्सूल नाही. साधी दाबलेली गोळी. हिच्यात कुठल्या जिवाचं काही नाही."

"ते नाही गं. कडू आहे?"

मी तुकडा जिभेवर ठेवून दाखवला. "कडू."

"हिने भूक भागत नाही ना?"

"गोळीने कधी कोणाचं पोट भरलंय का?" मी हसले. त्याही हसल्या. अगदी समाधानाने वर गेल्या. जिन्यावरून त्यांच्या बांगड्या वाजत गेल्या.

१८ ऑगस्ट

परवापासून पर्युषण, उपवासांचे आठ दिवस. मला उद्या धुळ्याला जायचं आहे, हेमलताचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि तिच्याजवळ बहिणीशिवाय कोण आहे? निघण्याआधी जीजींना सरळ विचारलं, "तुम्ही उपवास धरणार नाही ना?"

"मला कोण धरू देतंय? डॉक्टरने तीन वर्षांपूर्वीच बंदी घातली."

रूपल, मननची बायको, ताटं पुसत होती. तिने पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं.

"आणि गोळी?"

"माझा नियम आहे."

"मी धुळ्यात असले तरी कार्डावर डोळा आहे हं माझा. एकही चौकट रिकामी नको."

त्यांनी माझा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मी चार दिवसांसाठी जाते आहे, आणि या बाईंना एवढं वाटावं! माया किती असावी माणसाला.

२१ ऑगस्ट, धुळे

ऑपरेशन नीट झालं. हेमलता डोळ्यावर पट्टी बांधून हुकूम सोडते आहे. मी दुपारी जीजींना फोन लावायला घेतला तर ही म्हणाली, "तुझ्या पेशंटची चौकशी झाली की माझ्या डोळ्यात थेंब घाल. मी फक्त बहीण आहे."

जीजींचा आवाज खोल गेला होता. प्रवचन लांबलं म्हणे.

"गोळी?"

"घेतली. रतनने दिली. उकळलेल्या पाण्याबरोबर."

चांगलं. पावसाळ्यात उकळलेलंच बरं.

२२ ऑगस्ट, धुळे

रूपलला म्हटलं होतं, कार्डाचा फोटो पाठव. आला. वीस, एकवीस, बावीस, तिन्ही चौकटी भरलेल्या. खुणा मात्र चौकटीबाहेर गेल्या आहेत, बावीसची तर पार तेवीसच्या चौकटीत घुसली आहे. घाईत केल्या असतील, उपाश्रयात जायचं असतं. शेजारी स्टीलचा पेला दिसतो. कोपऱ्यात जीजींचा चेहरा आहे, घामाने चमकणारा, काय तेज आलं आहे! दिवसभर धर्मात मन असलं की असं होत असावं. आमच्या सिस्टर लेंटच्या उपवासांच्या दिवसांत अशाच दिसायच्या.

हेमलताला फोटो तोंडाने वर्णन करून सांगितला. ती म्हणाली, "घाम कसला गं? इकडे तर चार दिवस गार हवा आहे."

२३ ऑगस्ट, धुळे

पाच वाजता मननचा फोन. जीजी दुपारी जप करता करता चटईवर आडव्या झाल्या. विश्रांती घेतात म्हणून कोणी हाक मारली नाही. चारला उठवायला गेले तर उठेनात. खाजगी दवाखान्यात नेलं आहे. साखर अठ्ठावीस.

मी म्हटलं, दोनशे अठ्ठावीस?

नाही मावशी. अठ्ठावीस.

२४ ऑगस्ट, जळगाव

पहिल्या बसने आले. सलाइन चालू आहे, साखर कालच वर आली, पण त्या जाग्या होत नाहीत. डोळे अर्धे उघडे, बुबुळं हलत नाहीत.

रूपलने जिन्यात सगळं सांगितलं. जीजींनी अठाई धरली होती, आठ दिवसांचे उपवास, दिवसा फक्त उकळलेलं पाणी. घरात सगळ्यांना माहीत होतं. मला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, कारण मी मोडायला लावली असती. तिशीत एकदा अठाई सुरू केली होती, ती आजारपणाने पाचव्या दिवशी तुटली. तेवढं एक राहिलं होतं.

"आणि गोळी?" मी विचारलं.

"ती तर त्या घेणारच. उपवासात कडू औषध चालतं म्हणाल्या. अणाहारी. ज्याला गोडी नाही, ज्याने भूक भागत नाही, ते अन्नात धरत नाहीत. म्हणाल्या, मी उषाबाईला विचारून घेतलंय."

मला विचारून घेतलं होतं.

दोन नियम होते आणि त्यांनी दोन्ही पाळले.

डॉक्टर तरुण आहेत. मला बाजूला घेऊन विचारलं, "उपवासात गोळी बंद होती ना?" मी म्हटलं, चालू होती.  पोटात अन्न नसताना ही गोळी साखर खाली ओढतच राहते, हे त्यांनी मला समजावलं नाही. म्हणाले, "घरच्यांना मी उपवास झेपला नाही एवढंच सांगितलंय. बाकी तुम्ही सांगा. तुमच्या ओळखीचे आहेत."

रतनलालजी बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. सांगितलं नाही.

२५ ऑगस्ट

पहाटे उठले तेव्हा सुचलं. अकरा जणी!

आठला दुकान उघडायच्या आधी वही काढून फोन लावले. चौघींनी उपवास धरलेला नव्हता. पाच जणी एकासणं करत होत्या, दिवसातून एकदा जेवण, आणि गोळी मात्र सकाळी. त्यांना जेवणाबरोबर घ्यायला सांगितलं, प्रत्येकीकडून परत म्हणून घेतलं. एक मुलाकडे सुरतेला, तिच्या सुनेला सांगितलं. चंदनबाई फोन उचलेनात. रिक्षा केली.

त्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सहावा उपवास. हात थरथरत होते. समोर माझं कार्ड, आजचीही खूण झालेली. साखर मोजायचं यंत्र बरोबर नेलं होतं. छप्पन्न.

"चंदनबाई, साखरेचं पाणी घ्या. आत्ता."

"पच्चखाण आहे माझं, साध्वीजींपुढे घेतलेलं. दोन दिवस राहिले."

"गुलाबबाई दवाखान्यात आहेत, शुद्ध नाही त्यांना."

"तिची पुण्याई. मला का मोडायला लावतेस?"

मी त्यांच्या पायाशी बसले. सुनेला पाणी आणायला लावलं. मुलगा आला, शेजारचे आले. कोणी म्हणालं, बाहेरच्या बाईला काय कळतं तपातलं. शेवटी मी म्हटलं, "माझ्या गोळीने जीजींचं झालंय. तुमचं होऊ देणार नाही." इतक्या लोकांत ते तोंडातून गेलं. चंदनबाईंनी पेला घेतला. पिताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "तू नियम दिलास आणि तूच मोडलास. आता माझ्या दारात येऊ नकोस."

बरोबर आहे त्यांचं.

२७ ऑगस्ट

आज संवत्सरी. गल्लीत गणपतीचे ताशे, आणि दवाखान्याच्या बाकावर ही माणसं एकमेकांना हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत होती. मनन माझ्या पाया पडला. मग रतनलालजी उठले. बहात्तर वर्षांचा माणूस माझ्यापुढे वाकून उभा. "मिच्छामि दुक्कडम्, मॅडम. जाणून, न जाणून, माझ्या हातून काही झालं असेल तर."

दरवर्षीची रीत आहे. तरी त्यांचे जोडलेले हात खाली येईनात.

याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी हात जोडले आणि तेच शब्द परत म्हटले. बाकीचं सांगितलं नाही.

३१ ऑगस्ट

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी जीजी गेल्या.

३ सप्टेंबर

उठावण्याच्या शोकसभेला उपाश्रयाचा हॉल भरला होता. एकामागून एक उठून बोलले. तपस्विनी. पर्युषणाच्या तपापायी देह ठेवायचं भाग्य. फोटोला चंदनाचा हार. रतनलालजी माईकवर दोनच वाक्यं बोलले, "जीजीने नियम मोडला नाही. एकही नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यात उषाताईंचा मोठा वाटा आहे." लोकांनी वळून माझ्याकडे आदराने पाहिलं.

चंदनबाई तिसऱ्या ओळीत होत्या. मला वाटलं त्या आता उठून बोलतील. त्या मान खाली घालून बसल्या.



६ सप्टेंबर

दुकानात गेले. जायचं नव्हतं, पण महिन्याची औषधं नेणारी माणसं येतात, त्यांना कोण बघणार?

रतनलालजी थकले आहेत.  ग्लिमेपिराइडचं गिऱ्हाईक आलं की मननला हाक मारतात, तो खण मननच्या बाजूला हलवला आहे. वय झालं आता.

दुपारी मला म्हणाले, "जीजीच्या नावाने पाचशे कार्डं छापू. फुकट वाटू. धुळ्याला, पिंपळनेरला माझे साडू आहेत, त्यांच्याही दुकानांत ठेवू. मजकूर तुम्ही करा. खाली 'तपस्विनी गुलाबबाई यांच्या स्मरणार्थ'."

मी हो म्हटलं. हो म्हणण्याची किती सवय असते माणसाला.

९ सप्टेंबर

तीन दिवस कागद पुढे घेऊन बसते आहे. "रोज, न चुकता" हे तीन शब्द आता माझ्याच्याने लिहवत नाहीत. खाली एक ओळ हवी. ती नसेल तर पाचशे घरांत मी तेच पाठवते जे वरच्या मजल्यावर पाठवलं. आणि ती ओळ जीजींच्या नावाच्या डोक्यावर छापली की वाचणारा प्रत्येक माणूस समजेल त्या कशाने गेल्या. हार घातलेला तो फोटो उतरेल. त्या माणसाजवळ बहिणीचं तेवढंच उरलं आहे.

त्यांना आधी एकट्यात सांगावं, मग कागद द्यावा. आज दोनदा गल्ल्यापर्यंत गेले. एकदा सुटे मागितले. एकदा काहीच न मागता परत आले.

११ सप्टेंबर

आज दिला.

दुपारचं दुकान रिकामं होतं, मनन बँकेत गेला होता. तोंडाने सांगणं मला जमलं नाही, हे लिहून ठेवते. कागद गल्ल्यावर ठेवला आणि समोर उभी राहिले. पहिल्या वर्गात असताना चुकलेली पाटी सिस्टरपुढे ठेवून अशीच उभी राहायचे.

त्यांनी चष्मा लावला. वरून वाचत आले. त्या ओळीवर थांबले: "उपवास असेल, जेवण झालं नसेल, तर साखरेची गोळी घेऊ नका. आधी दुकानात विचारा."

पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडत होतं. ते भांडण संपेपर्यंत त्यांची नजर कागदावरच होती.

"ही ओळ आधीच्या कार्डावर नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती."

"का?"

"सुचली नाही. मला सुचायला हवी होती. जीजी उपवासाने गेल्या नाहीत, भाऊ. उपवासात गोळी चालू होती, त्याने गेल्या. डॉक्टरांच्या प्रश्नावरून मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

मी त्यांना आजवर कधी भाऊ म्हटलं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला. काचा पुसल्या नाहीत, नुसता हातात धरला. "चाळीस वर्षं हे दुकान आहे माझं," ते म्हणाले. "शिक्षण नाही, पण लोक काय बोलतात ते कानावर पडतं. दुसऱ्या दिवशी गोळी हातावर ठेवताना मी हात मागे घेतला. म्हटलं, जीजी, पोटात काही नाही तुझ्या, राहू दे आजची. ती म्हणाली, उषाबाई शिकलेली आहे, तिला विचारलंय मी, तू दे." मग म्हणाले, "मी दिली. तिसऱ्या दिवशी दिली. चौथ्या दिवशी तिला धरता येईना, तर मी जिभेवर ठेवली."

 म्हणजे उठावण्यात माझ्याकडे बघून बोलले तेव्हाही त्यांना माहीत होतं. संवत्सरीला ते हात जोडून उभे होते तेव्हाही.

"तुम्ही मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं."

मी म्हटलं, जीजींचं नाव काढून टाकू. कार्डावर फक्त दुकानाचं नाव असू दे. ओळ राहील, लोक काही जोडणार नाहीत. "तुमच्या घरचा मान आहे तो," असंही म्हटलं. माझा आवाज विनवण्यासारखा झाला होता. कोणासाठी विनवत होते, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, आत्ता लिहितानाही सांगता येत नाही.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. खिशातलं पेन काढलं, "तपस्विनी" हा शब्द खोडला. फक्त "गुलाबबाई" ठेवलं. मग माझ्या त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या, इतक्या दाबून की कागद फाटला.

"नाव राहू दे," ते म्हणाले. "नाव बघून तरी आमच्या बायका वाचतील. आणि हे अक्षर फार बारीक आहे, मॅडम. नावापेक्षा मोठं करा."